बिनकानाचा कप

यंदा आमच्या दारावर चांदणी लागली नाही. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलेलं असतं त्या घरी नाताळला चांदणी लावत नाहीत, फराळ करत नाहीत, आणि गाणी म्हणत फिरणारी मंडळी त्या दारापुढून ढोलकी न वाजवता पुढे जातात. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्याही ते लक्षात आलं. जिन्यात त्यांनी विचारलं, यंदा तुमचा तारा नाही का? मी म्हटलं, आई गेली ना फेब्रुवारीत. त्यांनी माझा दंड थोपटला आणि त्या आत गेल्या.

त्यांना वाटलं असेल की मला सण नकोसा झाला आहे. खरं तर या नाताळची मी दहा महिने वाट पाहत होते. लहानपणी नव्या फ्रॉकची पाहिली नसेल इतकी.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. दुःखाच्या घरी पहिल्या नाताळला, उपासना आटोपल्यावर, कुटुंबातलं सगळ्यांत मोठं माणूस येतं. आपल्या हातची करंजी आणतं, ती मोडून घरच्यांच्या तोंडात घालतं, आणि मग त्या घरचा चहा घेतं. तो चहा झाला की दुःख उठलं. पुढच्या वर्षीपासून चांदणी लावायला ते घर मोकळं. आमच्या कुटुंबात आता सगळ्यांत मोठी माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. ती शहाऐंशी वर्षांची आहे. ती येणार हे ठरलेलं होतं. तिला चहा कोणत्या कपातून द्यायचा हेही मी ठरवून ठेवलं होतं.

माझ्या आयुष्यातले सगळे चांगले नाताळ आत्याच्या घरी झाले, हे आधी लिहायला हवं. ते न लिहिता पुढचं लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

आत्याचं घर छावणीत, चर्चच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणीघर आणि एक शेवग्याचं झाड. आत्या नर्स होती. तिनं लग्न केलं नाही. आजी लवकर गेली तेव्हा माझे वडील सात वर्षांचे होते आणि ती सोळा-सतरा वर्षांची. तिनं त्यांना वाढवलं, शिकवलं, शिक्षक केलं. त्यामुळे वडील तिच्यापुढे शेवटपर्यंत सात वर्षांचेच राहिले. ते तिला आक्का म्हणत. आम्ही गारखेड्यात राहायला गेलो तरी नाताळ आक्काकडेच असायचा. त्यावर चर्चा झालेली मला आठवत नाही.

डिसेंबरची वीस तारीख उलटली की आम्ही तिकडे मुक्काम हलवायचो. वडील ओट्यावर बसून चांदणी करायचे. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, त्यावर पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा. पाच टोकांतलं एक टोक दरवर्षी वाकडं व्हायचं. आत्या आतून बघून म्हणायची, मास्तर, तुमचा तारा पाहून ते पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक वेरूळला जातील, बेथलेहेमला नाय. वडील हसायचे आणि तेच टोक भिंतीकडे करून चांदणी टांगायचे.

शेजारी एक मुसलमान घर होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. फराळाची ताटं घेऊन आम्ही दोघी गल्लीभर फिरायचो. कोणत्या घरी ताट द्यायचं आणि कोणत्या घरी बसून खायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिच्या अम्मी आमचं ताट कधी रिकामं परत पाठवत नसत. साखर तरी घालायच्याच. नाताळच्या सकाळी ती नवे कपडे घालून आमच्याबरोबर चर्चच्या दारापर्यंत यायची आणि उपासना संपेपर्यंत बाहेर चिंचा वेचत बसायची. ही मैत्रीण पुढे लग्न करून सिल्लोडला गेली. आजही माझं मन जिच्यापाशी उघडं होतं अशी ती एकटीच.

आणि करंज्या. बावीस तारखेला सकाळीच आत्याच्या पुढच्या खोलीत चटया पडायच्या. मंडळीतल्या चार-पाच बायका यायच्या. एकीनं पीठ मळायचं, एकीनं लाट्या करायच्या, दोघींनी लाटायच्या, एकीनं सारण भरायचं. कड कापायचं नागमोडी चाक, कातणं, ते आत्याच्या हातात. ते तिनं कधी कुणाला दिलं नाही. ती प्रत्येक करंजी एकाच फेऱ्यात कापायची, जखमेचे टाके घातल्यासारखी सफाईनं. तळायला पाळकांच्या बाई बसायच्या. खसखस, वेलची आणि भाजलेलं खोबरं या सगळ्याचा घमघमाट गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. बायका बोलायच्या, हसायच्या, गेल्या वर्षी कुणाच्या करंज्या कढईत फुटल्या याची आठवण काढायच्या. मी आणि माझी मैत्रीण कापलेल्या कडांचे तुकडे गोळा करून तळून मागायचो.

माझी आई खोबरं किसायची. दरवर्षी. मागच्या दारात, एकटी, पाटावर बसून.

आईचं माहेर सिल्लोडच्या पुढचं. जमीनजुमल्याचं, बैलजोड्यांचं, गावात वट असलेलं घर. वडिलांची पहिली नोकरी तिकडच्या शाळेत होती. त्यातून जे झालं ते झालं. लग्न नोंदणी करून झालं आणि त्या दिवसापासून आईचं माहेर बंद झालं. तिचे वडील वारले ते तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. दोन वर्षांनी तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. तिच्या माहेरी करंजीला कातणं लावत नसत. कड बोटांनी मुरडत. एकदा, मी आठ-नऊ वर्षांची असताना, तिनं घरी मला मुरडीची करंजी करून दाखवली. दोरखंडाला पीळ द्यावा तशी ती कड तिच्या बोटांखाली वळत गेली. मी म्हटलं, आत्याकडे तू अशा का करत नाहीस? ती म्हणाली, तिथं मला खोबरं दिलंय.

आता कप.

सगळ्या करंज्या तळून झाल्या की आत्या चहा टाकायची. पांढऱ्या कपांवर निळी फुलं असलेला तिचा सहांचा सेट होता. पाच कप बशीसकट बायकांपुढे यायचे. सहाव्या कपाला कान नव्हता. तुटलेल्या जागी दोन खडबडीत उंचवटे होते. तो फडताळात खालच्या फळीवर, बाकीच्यांपासून वेगळा, पालथा असायचा. आईचा चहा त्यात. बशी नाही. आई तो दोन्ही हातांनी, पदर मध्ये घेऊन धरायची आणि फुंकर घालत प्यायची. बाकीच्या बायका बशीत ओतून पीत असायच्या आणि माझी आई त्या गरम कपाची कड ओठांनी शोधत असायची.

लहानपणी मला वाटायचं, तो तिचा आवडता कप आहे. मुलांना जे रोज दिसतं ते बरोबरच वाटतं. पुढे दहा-बारा वर्षांची झाले तेव्हा एकदा मंडळीत नव्यानं आलेल्या पाळकांच्या बाईंनी विचारलं, अहो, तुम्हाला हा असा कप का? आईनं मान वर केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

"मला यातच बरा लागतो. वन्सं देतात ना."

आत्या तेव्हा कातणं धूत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्या वेळी मला पहिल्यांदा आईची शरम वाटली, आणि लगेच त्या शरमेचा राग आला. तो राग कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून तो मी आत्यावर ठेवला. तो तिथेच राहिला.

त्यानंतर मी पाहू लागले. पाहिलं की सगळं दिसतं. आत्या आईला नावानं हाक मारत नसे. पाटलीणबाई म्हणायची. पाटलीणबाई, खोबरं बारीक किसा, तुमच्या शेतातलं ढेकूळ नाय ते. बायका हसायच्या, आईसुद्धा. मी हे पाहिलं की आई चहाच्या वेळी स्वतःच उठते, फडताळातला तो कप स्वतः काढते, पदरानं पुसते आणि आत्यापुढे धरते. मला वाटलं, आत्यानं तिला असं वळण लावलं आहे की आता सांगावंही लागत नाही. मी कॉलेजात असताना आत्यानं नवा सेट आणला, सोनेरी कडांचा. जुने पाच कप तिनं मोलकरणीला देऊन टाकले. सहावा ठेवला. नव्या सेटमधला कप आईपुढे कधी दिसला नाही. ते पाहून मी त्या रात्री जेवले नव्हते आणि कारण कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांची असताना मी वडिलांना विचारलं. ते पेपर तपासत होते. त्यांनी हातातला पेपर तपासून संपवला. मग म्हणाले, "आमची आई शेतावर कामाला जायची. मालकाच्या गोठ्यात, कोनाड्यात, तिच्यासाठी असाच एक कप असायचा. कान तुटलेला. चहा वरून ओतायचे. बाप्तिस्मा झाला तरी कप तोच राहिला. मला आठवत नाही, मी लहान होतो. आक्कानं पाहिलंय."

मी म्हटलं, ते आईच्या घरचे होते का?

"नाही. पण तसेच."

मग आईचा काय दोष?

"काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा पेपर घेतला.

मी पुढे ग्रंथपाल झाले. ज्या गोष्टीबद्दल वडील तीन वाक्यं बोलले तिच्याबद्दल लोकांनी लिहिलेली कपाटंच्या कपाटं माझ्या हाताखालून गेली. मी ती वाचली. प्रत्येक पुस्तकात मी माझ्या आजीच्या बाजूची होते, म्हणजे आत्याच्याही बाजूची होते. पुस्तक मिटलं की मला माझ्या आईचे हात दिसायचे, बोटांची टोकं लाल झालेली. न्याय कसा असतो हे मला वाचून माहीत होतं. मला तो नको होता. मला आत्याचे हात तसे लाल झालेले पाहायचे होते.

वडील गेले. त्यांच्या नंतरच्या पहिल्या नाताळला आत्या आमच्याकडे आली, करंजी मोडून आईच्या तोंडात घातली, आमचा चहा घेतला. आईनं तिला घरातला सगळ्यांत चांगला कप दिला, बशी पुसून. मला तेव्हाही राग आला. आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघी परत छावणीत, परत तेच खोबरं, परत तोच कप.

गेल्या वर्षी आईचे हात थरथरू लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, प्रवास टाळा. गारखेडा ते छावणी हा प्रवास नाही असं आईचं म्हणणं. करंज्या आता बाहेरून येतात, त्यामुळे खोबरं नव्हतं. खोलीत आत्या, मंडळीतल्या दोन बायका आणि आम्ही. चहा झाला. आई काठी टेकत उठली. मी म्हटलं, मी देते, तू बस. तिनं ऐकलं नाही. तिनं कप काढला, आत्यापुढे धरला. आत्यानं ओतला. परत येताना तो हिंदकळला आणि चहा तिच्या मनगटावर सांडला. ती ओरडली नाही. बसली, पदर गुंडाळला आणि प्याली. आत्या तिच्याकडे बघत होती. पापणी न हलवता बघत होती. मला वाटलं, म्हातारी मजा बघतेय.

भांडी मी विसळली. तो कप मी विसळला, रुमालात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत टाकला.

रिक्षात आईनं पिशवीवरून हात फिरवला. तिला लगेच कळलं.

"कप घेतलास?"

हो म्हटलं. यापुढे तुला त्यात प्यावं लागणार नाही.

आई माझ्यावर क्वचितच चिडायची. त्या दिवशी तिचा चेहरा पार बदलला. "परत नेऊन ठेव," ती म्हणाली. "तो तिथंच राहू दे. तुला काय कळतं त्यातलं?" मला वाटलं, इतकी वर्षं वाकवलेलं माणूस सरळ करायला गेलं तर त्याला दुखणारच. जानेवारीत तिनं दोनदा विचारलं, ठेवलास का? मी हो म्हणून खोटं सांगितलं. फेब्रुवारीत ती गेली. मातीच्या वेळी आत्या काठी धरून उभी होती. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, तिनंही टाकली. मी तिच्या हाताकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, डिसेंबर येऊ दे.

नाताळच्या आदल्या दिवशी मैत्रिणीचा सिल्लोडहून फोन आला. दरवर्षी येतो. तिला मी सगळं सांगितलं. ती त्या गल्लीत वाढलेली, तिनं तो कप पाहिलेला होता.

"शहाऐंशीची बुढ्ढी आहे ती," ती म्हणाली.

मी म्हटलं, आईही पंचाहत्तरची होती.

"हौ, ते बी आहे." मग म्हणाली, "कर मग. पन चाय अच्छी बना. फिकी चाय में बदला भी फिका लगता."

पंचवीस तारखेला मी उपासनेला गेले. आत्या पुढच्या बाकावर होती. मी मागे बसले आणि वचन काय वाचलं ते मला आठवत नाही. घरी येऊन मी दूध आटवायला ठेवलं, आलं ठेचलं, वेलची कुटली. कप कपाटातून काढून ओट्यावर ठेवला. ऊन गॅलरीत आलं होतं तेव्हा ती आली. दोन जिने चढून आल्यामुळे दम लागला होता. रिक्षावाल्यानं तिला वरपर्यंत आणून सोडलं.

"सलाम," ती म्हणाली.

मंडळीत आम्ही भेटल्यावर हेच म्हणतो. मीही सलाम म्हटलं. ती आईच्या खुर्चीवर बसली. दुसरी खुर्ची होती, तरी त्याच खुर्चीवर. पिशवीतून तिनं स्टीलचा डबा काढला. त्यात चार करंज्या होत्या. एकीची कड सुटून सारण बाहेर आलं होतं. आणि त्या कातणानं कापलेल्या नव्हत्या. बोटांनी मुरडलेल्या होत्या, ओबडधोबड, कुठं जाड, कुठं पातळ.

"हातानंच मुरडल्या," आत्या म्हणाली. "तिच्यासारख्या नाय जमल्या."

तिनं एक मोडली आणि माझ्या तोंडात घातली. सारण चांगलं होतं. ते चांगलं लागलं याचा मला राग आला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहा उकळी येईपर्यंत ठेवला, माझ्यासाठी बशीसकट चांगला कप भरला आणि तिच्यासाठी तो. काठोकाठ भरला. बशी घेतली नाही.

ट्रे मी तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसले. तिचा चेहरा मला नीट पाहायचा होता. दहा महिन्यांत मी तो चेहरा मनात शंभर प्रकारे पाहिला होता. कधी ती रडत होती, कधी उठून चालायला लागत होती, कधी खोटं बोलत होती.

तिनं कप पाहिला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. डोक्यावरची घागर कुणी उतरवून घ्यावी तसे. तिनं दोन्ही हातांनी कप उचलला. पदर घेतला नाही.

"तू नेला होता व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं तिनंच नेला. वर पण सोबत नेला वाटलं."

ती प्यायली. पुन्हा प्यायली.

"पयल्या नाताळला मीच दिला होता," ती म्हणाली. "मुद्दाम दिला. माझ्या आईनं तिच्या माहेरासारख्यांकडं ज्यात पिला तसाच शोधून ठेवला होता मी. नाय म्हणत नाय. तिनं घेतला, पिली, धुऊन ठेवला. मला लई बरं वाटलं. आठ दिवस बरं वाटलं." तिनं आणखी एक घोट घेतला. "पुढच्या नाताळला तिच्यापुढं मी चांगला कप ठेवला. बशी ठेवली. तिनं तो बाजूला सारला आन सगळ्या बायकांसमोर म्हणाली, 'वन्सं, माझा कप कुठाय?'"

मी माझा कप खाली ठेवला.

"उठली आन स्वतः काढून आणला. तवापासून दरसाल. मी एकदा तो कचऱ्यात टाकला. तिनं उकरून काढला, राखेनं घासला, जागेवर ठेवला. एक शब्द बोलली नाय. नवा सेट कुणासाठी आणला होता मी? तिच्यासाठी. हात लावला नाय तिनं."

मी विचारलं, तू माफी मागितलीस?

"दोनदा. एकदा तुझा बाप असताना, एकदा तो गेल्यावर. पाया पडायची बाकी ठेवली." आत्यानं कपात पाहिलं. "'कशाची माफी, वन्सं? मला यातच बरा लागतो.' असं म्हणायची. गोड बोलायची. तुला ठाऊक आहे ती कशी गोड बोलायची."

मला ठाऊक होतं. पाळकांच्या बाईंना उत्तर देणारा तो आवाज माझ्या कानात होता, आणि चाळीस वर्षं मी तो चुकीचा ऐकला होता. रिक्षातलं तिचं वाक्य आता मला लागलं. परत नेऊन ठेव. तुला काय कळतं त्यातलं. मनगटावर सांडलेला चहा, आणि पापणी न हलवता बघणारी आत्या. ती मजा बघत नव्हती. तिला दरवर्षी ते बघावंच लागत होतं. माझी आई काठी टेकत, डॉक्टरांचं न ऐकता, छावणीपर्यंत गेली होती ती तेवढ्यासाठी.

मला आईचा इतका अभिमान याआधी कधीच वाटला नव्हता. आणि ती समोर नव्हती.

आत्यानं चहा संपवला. तळाशी राहिलेली साखरसुद्धा बोटानं घेतली. मग कप ट्रेमध्ये ठेवला आणि तळहात एकमेकांवर चोळले. ते लाल झाले होते. जे पाहायचं म्हणून मी एवढं सगळं केलं ते माझ्या समोर होतं, आणि ती समाधानानं त्यांच्याकडे बघत होती.

"बरं केलंस पोरी," ती म्हणाली. "आज सुटले."

तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे. ज्या माणसाला माझ्या आईनं चाळीस-पन्नास नाताळ दारात उभं करून ठेवलं होतं, त्याला मी एका दुपारी आत घेतलं होतं, खुर्ची दिली होती, वेलची घातलेला चहा दिला होता.

"हा मला दे," आत्या म्हणाली. "आता यातच पीत जाईन. किती दिवस राहिलेत."

"नाही आत्या," मी म्हटलं. "तो आईचा आहे."

तिनं मान हलवली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग काठी घेत म्हणाली, आता तुझं दुःख उठलं, पुढच्या नाताळला तू माझ्याकडं ये, मंडळीतल्या सगळ्यांना बोलावते. मी येईन म्हटलं. मी तिला धरून खाली नेलं, रिक्षात बसवलं, तिचा पदर चाकात जाणार नाही असा आत सारला. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तो अजून गरम होता.

वर येऊन मी उरलेल्या तिन्ही करंज्या खाल्ल्या. मग कप राखेनं घासला. राख आता कुणाकडे नसते, मला खालच्या काकूंकडून उदबत्त्यांची राख मागून आणावी लागली.

हे लिहायला मला दोन महिने लागले. या दोन महिन्यांत मी रोज सकाळचा चहा त्याच कपातून घेते. सुरुवातीला हात भाजायचे. पदर नाही, मी पंजाबी ड्रेस घालते, त्यामुळे ओढणी गुंडाळून पाहिली, पण आईचा रुबाब त्यात येत नाही. आता नुसत्या बोटांनी जमू लागलं आहे. बोलण्याचाही सराव करते. माझा आवाज मुळात कोरडा आहे, त्यात तो गोडवा आणायला वेळ लागेल.

पुढच्या नाताळला मी छावणीत जाईन. आत्या सगळ्यांसमोर सोनेरी कडांचा कप माझ्यापुढे ठेवेल, बशीसकट. मी तो हळूच बाजूला सारेन आणि पिशवी उघडेन.

तोवर तिनं जगायला हवं. मागच्या रविवारी ती चर्चला आली नाही, गुडघे सुजलेत म्हणे. मी दुपारीच तेल घेऊन गेले आणि तिचे पाय चोळून दिले. उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तेव्हा सगळ्यांत आधी मी तिच्यासाठी प्रार्थना करते. देवानं तिला आणखी पुष्कळ नाताळ द्यावेत, असं मी त्याला सांगते, आणि ते अगदी मनापासून सांगते.